सुकलालआबांची अट

माझं चष्म्याचं दुकान आणि सुकलालआबांची बंदुकीची दारू यांच्यामध्ये विटांची एक भिंत होती. भिंत सामाईक, गिलावा ज्याचा त्याचा. जळगावच्या बाजारात परवडेल अशी जागा मिळत नव्हती म्हणून मी ती घाईघाईने घेतली, आणि शेजारची पाटी नीट वाचली ती घेतल्यानंतर. 'बंदुका, काडतुसे व दारू. परवानाधारक विक्रेते.' घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "मग दुकानात देवाला रोज उदबत्ती लावत जा, विसरू नका." तिचं ऐकलं आणि तिथेच घोटाळा झाला.

देवाची फळी मी नेमकी त्या सामाईक भिंतीवर ठोकली होती. एका सकाळी उदबत्तीचा वास पलीकडे गेला असावा. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि पायात रबरी चपला अशी एक लुकडी मूर्ती माझ्या दुकानात आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिने उदबत्ती स्टँडमधून उपसली, पाण्याच्या तांब्यात विझवली आणि मग म्हणाली, "प्रमोद नाव ना तुनं? तुना देव हाई भिंतवरथीन काढ, त्या भिंतले लाव. मना बाजूले दारू शे."

मला दरदरून घाम फुटला. आबांनी तो पाहिला आणि स्टूल ओढून म्हणाले, "बठ, कायदानी गोष्ट शे."

त्यांची आणि माझी ही पहिली भेट, आणि हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेत म्हणेन. त्या दिवशी त्यांनी मला खानदेशातल्या दारूची सगळी कुळकथा सांगितली. पूर्वी दारू घरी व्हायची. जुन्या भिंतींच्या बुडाशी आलेला सोरा खरवडायचा, गंधक बाजारातून आणायचं, कोळसा हलक्या लाकडाचा पाडायचा. मग सत्तावन्नचं बंड झालं, गोऱ्यांनी घराघरांतली हत्यारं गोळा केली, आणि त्यानंतर दारूला एक कायदा, बंदुकीला दुसरा आणि ती बंदूक खांद्यावर टाकून वेशीबाहेर जायला तिसरी परवानगी लागायला लागली. बोलताना ते सारखे भिंतीकडे हात करत होते. मला इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं. मी फक्त मधेच विचारलं, "आबा, किती दारू आहे पलीकडे?" ते म्हणाले, "परवानामा शे तितलीच." माझं समाधान झालं नाही, पण देव मी त्याच दिवशी हलवला.

आबा मूळचे धुळ्याकडचे. जळगावात येऊन जन्म गेला, पण भाषा तिकडचीच राहिली. कलेक्टर कचेरीतल्या साहेबाशीही ते अहिराणीतच बोलत, आणि साहेब मराठवाड्यातला असला तर त्याची पंचाईत होई. बोट दाखवायची त्यांना सवय नव्हती. रस्ता सांगताना, माणूस दाखवताना, भाव सांगतानासुद्धा सबंध पंजा उघडून पुढे करत. छत्री द्यायची तर मुठीकडून. मी एकदा चष्म्याचा स्क्रू पिळायचा बारीक पेचकस त्यांच्याकडे टोकाने धरला, तर त्यांनी तो घेतलाच नाही. मी उलटा धरेपर्यंत हात मागे घेऊन उभे राहिले. मला याचा राग यायचा. पेचकसाने कोणी मरत नाही, असं मी म्हणूनही बघितलं. त्यावर ते नुसते हसले.

कायद्यांबद्दल ते घरच्या माणसांसारखे बोलत. अठराशे अठ्ठ्याहत्तरचा इंग्रजांचा कायदा म्हणजे थोरला. थोरला पक्षपाती होता. गोऱ्याला सूट, रावसाहेब-रायबहादुरांना सूट, आणि डुकरामागे धावणाऱ्या कुणब्याला मात्र शंभर प्रश्न. एकोणसाठचा आपला तो मधला. मधला समजूतदार, पण सरकारी माणसासारखा दमादमाने चालणारा. आणि दोन हजार सोळाचे नियम म्हणजे धाकटा. धाकटा कॉम्प्युटरवर वाढलेला, प्रत्येक बंदूकवाल्याला नंबर देणारा. "धाकला हुशार शे," आबा म्हणत, "पन त्याले मानूस वयखता येत नही." धाकट्याला माणूस ओळखता येत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती.

आणि आबांना माणूस ओळखता येतो, अशी त्यांची स्वतःची समजूत होती. ती कितपत खरी होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका पुढाऱ्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. वडिलांच्या नावावर दुनळी बंदूक होती, आणि नवरदेवाच्या मित्रांना वरातीत बार काढायचे होते. चार पोरं गाडीतून उतरली, काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "आबा, काडतुसं द्या, जास्तीची द्या." आबांनी विचारलं, कशाला? पोरांनी खरं सांगितलं, कारण खोटं बोलायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. आबा म्हणाले, "बठा, कायदानी गोष्ट शे." मधल्याला अलीकडेच एक नवं कलम जोडलंय, वरातीत हवेत गोळी झाडली तर झाडणारा आत जातो, हे त्यांनी चहा पाजून समजावलं. पोरं चिडून गेली. संध्याकाळी पुढाऱ्याचा स्वतःचा फोन आला. आबांचं बोलणं मला भिंतीतून ऐकू येत होतं. ते फक्त "हा भाऊ, हा भाऊ" म्हणत होते आणि काडतुसं काही देत नव्हते. लग्नाच्या दिवशी आबा नवी टोपी घालून गेले, नवरदेवाच्या हातात नारळ आणि लवंगी फटाक्यांची माळ ठेवली, पंगतीत बसून वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी ओरपली आणि परत आले. पुढारी त्यांच्याशी पुन्हा बोलला नाही. "त्याना पोऱ्याना हातमा लवंगीनी माय दिधी ना मी," आबा मला म्हणाले, "वाजाडा म्हना कितलंबी." मला हसू आलं, पण त्या पुढाऱ्याशी वाकडं घेणं चांगलं नाही, हेही मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं.

आबांच्या दुकानाचा खरा हंगाम निवडणुकीचा. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका जमा करा असा हुकूम निघतो. त्या पोलीस ठाण्यात ठेवता येतात, नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे. ठाण्यात बंदुकीला गंज चढतो म्हणून चोपडा, यावल, रावेरकडचे शेतकरी आबांकडे येत. एस. टी.तून, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बंदूक मांडीवर घेऊन. बहुतेकांच्या एकनळी, नाहीतर ठासणीच्या. परवाना पीक संरक्षणाचा, कारण रानडुकरं एका रात्रीत मका आणि केळीची बाग आडवी करतात. आबा प्रत्येक बंदूक उघडून नळीतून आभाळ बघत, तेलाचा बोळा फिरवत आणि कपाटात उभी करत. निकाल लागला की शेतकरी परत न्यायला येत, आणि तिथे आबांची एक अट होती. बंदूक न्यायला घरची बाई सोबत पाहिजे. बायको, आई, बहीण, सून, कोणीही.

"नियममा शे," एवढंच ते सांगत. गावोगावच्या लोकांनी ते मान्य केलं होतं. बायकाही खूश, कारण त्या निमित्ताने जळगावचा बाजार होई. सराफ बाजारातल्या दुकानांना निकालानंतरचा आठवडा चांगला जातो, असं मी थट्टेने म्हणायचो. मी स्वतः कैक वर्षं समजत होतो की असा नियम खरोखरच असणार. एकदा मी आबांना विचारलंही, सरकारला बायकांची कशाला गरज पडली? तेव्हा ते म्हणाले, "घरनी बाई संगे उनी का माले समजस, बंदूक घर जाई ऱ्हायनी का कोनावर जाई ऱ्हायनी." तेव्हाही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

तो उन्हाळा भयंकर होता. निकाल लागून गेले होते, बंदुका निम्म्याअधिक परत गेल्या होत्या. भर दुपारी बाजार ओस पडलेला, माझ्याकडे गिऱ्हाईक नाही, म्हणून मी आबांकडे कूलरपुढे बसलो होतो. बाहेर मोटारसायकल थांबली आणि विलास आत आला.

विलासला मी ओळखत होतो. चोपड्याच्या बाजूचा, केळीवाला, बोलका गडी. त्याची एकनळी बंदूक वडिलांची, वारसाने त्याच्या नावावर झालेली. दरवेळी तो बायकोला, सुनंदाला घेऊन यायचा, आबांच्या पाया पडायचा आणि माझ्याकडे येऊन उगाच गॉगल घालून आरशात बघायचा. त्या दिवशी तो एकटा होता. डोळे तांबारलेले, ओठ सुकलेले, अंगावर रस्त्याची धूळ. चपला न काढता तो काउंटरपाशी आला आणि परवाना, पावती, ओळखपत्र सगळं आपटून ठेवलं.

"आबा, मनी बंदूक द्या."

"बठ."

"बठाले टाईम नही."

"पानी तरी पे."

"पानीनं नाव नका काढा," विलास म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "बंदूक द्या."

आबांनी कागद उचलले, एकेक पाहिला. सगळे चोख होते. "सुनंदा कोठे शे?"

"माहेरले गयेल शे. धरणगावले."

"मंग तिले लिसन ये. नियम माहीत शे तुले."

विलास हसला. असं हसणं मी पुन्हा ऐकू नये. "मी वकीलले इचारी उनू, आबा. बाईले आनानी असा कोठलाच नियम नही शे. ना थोरलामा, ना धाकलामा. तुम्ही बठ्ठा लोकेसले येडं बनाडतस."

मी आबांकडे बघितलं. आता ते कलम सांगतील, पोट-कलम सांगतील, पोराला गप्प करतील, अशी माझी खात्री होती. आबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली.

"खरं शे," ते म्हणाले. "नियम मना शे. सरकारना नही."

मला धक्का बसला. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना बसवून बसवून कायदा शिकवला, त्याने इतकी वर्षं सरकारच्या नावावर स्वतःची अट खपवली होती. आणि ती आता संपली होती. कागद चोख, परवाना जिवंत, हुकूम उठलेला. विलासने हात पुढे केला.

"कोनावर?" आबांनी हळूच विचारलं.

विलासने नजर काउंटरवरच्या कागदांकडे वळवली. मग एकदम सगळं बाहेर आलं. विहीर सामाईक, वडिलांपासूनची. थोरला भाऊ गोकुळ आणि हा यांच्यात पाण्याच्या पाळीवरून हिवाळ्यापासून धुसफूस चालू होती. आता गोकुळने मोटारीची वायर तोडली होती आणि विलासच्या बागेत जाणाऱ्या नळ्या कापल्या होत्या. घड भरायच्या वेळेला केळीला पाणी नाही. पानं फाटून खाली आली, खोडं मोडून पडायला लागली. "बाग मरी ऱ्हायनी, आबा, आन तो बांधवर उभा राहीसन दखस!"

आबांनी परवाना उचलून त्याच्यासमोर धरला. "पीक संरक्षण. तुना बापनी हाऊ परवाना डुकरेसकरता लिन्हा. गट नंबर लिखेल शे. तुनं वावर सोडीसन बांध वलांडा, का हाई बंदूक कायदाबाहेर. आन बांधना पलीकडे कोन शे?"

"माले कायदा नका शिकाडा."

"बांधना पलीकडे कोन शे, विलास?"

"बंदूक द्या!" विलासने काउंटरवर मूठ मारली. काच थरथरली. मला उठून जायचं होतं, पण दार विलासच्या मागे होतं.

आबांचा आवाज काही चढला नाही. "एक गोष्ट ऐक. सुनंदाले बलाव. ती उनी आन ती म्हनी दे, तं मी देस. मना शबद शे." विलास त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बलावा. तीबी हाईच सांगी." आणि बाकावर बसला.

सुनंदाला फोन मी लावला. ती म्हणाली, येते.

धरणगाव काही लांब नाही, पण ती वाट बघण्याची वेळ मला कधी विसरता येणार नाही. आबांनी आतल्या खोलीत जाऊन ठाण्यात फोन केला. तिथला साहेब सभ्यपणे म्हणाला, परवाना चालू आहे ना? मग भाऊबंदकीच्या संशयावरून बंदूक कशी अडवणार? कचेरीला कळवा, परवाना निलंबित करायचा अधिकार त्यांचा. कचेरीत फोन केला तर तिथले साहेब बैठकीसाठी मुंबईला गेलेले. आबा बाहेर आले आणि विलासशेजारी बसून बोलायला लागले. थोरल्या कायद्याच्या काळात परवान्यासाठी कुणब्याला साहेबाच्या तंबूबाहेर कसं उन्हात उभं राहावं लागे, विलासचा बाप पहिल्यांदा ही बंदूक घ्यायला आला तेव्हा दुकानात कसा घाबरला होता, पहिलं डुक्कर कसं हुकलं होतं आणि गोळी आंब्यात कशी शिरली होती. तेव्हा गोळीचा आवाज ऐकून कडब्याच्या भाऱ्यासकट गोकुळ बापाकडे धावत आला होता, हेही त्यांनी सांगितलं. विलास एकदाही हसला नाही. पण उठलाही नाही. मला वाटलं, जमतंय. सुनंदा येईल, रडेल, हातापाया पडेल, आणि दोघं घरी जातील.

सुनंदा आली ती काळीपिवळीतून उतरून थेट आत. रडली वगैरे नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग आबांकडे. आबांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका मी कधी पाहिली नव्हती. "ये माय, बठ," ते म्हणाले.

"बठाले नही उनी मी. द्या त्यासले बंदूक."

आबांनी तिच्यापुढे उघडा पंजा धरला.

"माय, इचार करीसन बोल."

"इचार करीसनच बोली ऱ्हायनी. पोरेसनागत वाढाडेल केयीनी बाग, आबा. रोपं लावताना मना पाय सुजी जायेत. जेठजीनी मना डोयादेखत नळ्या कापात, आन मी आडवी गई तं माले ढकली दिधं." तिने पदर सारून कोपर दाखवलं. सालटं निघालेलं होतं. "माहेरले मी हौशीकरता नही गयेल. द्या बंदूक."

आबांचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा होता, की घरची बाई आली की बंदूक घरी जाते. तो माझ्यासमोर कोसळला. मला आबांची दया आली आणि सुनंदाचीही आली, आणि तिचं काही चुकलं असं मला तेव्हा म्हणवेना.

आबा कपाटाकडे गेले. कुलूप काढलं. विलासची एकनळी उचलली, सवयीने उघडली, नळीतून प्रकाश बघितला. मग ती हातावर आडवी धरून ते काउंटरपर्यंत आले. विलासने दोन्ही हात पुढे केले.

आबा थांबले. मागे वळले, बंदूक परत कपाटात उभी केली, कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"भेटाव नही," ते म्हणाले.

"तुम्ही शबद दिधा व्हता!"

"दिधा व्हता. मोडा मी."

शटर ओढायची लोखंडी आकडी दाराशी टेकवलेली असते. विलासने ती उचलली. मी भिंतीला चिकटलो. आबा कपाटाला पाठ लावून उभे होते, इतके बारीक दिसत होते की आकडीच्या एका फटक्यात मोडतील. "मार," ते म्हणाले. "मनावर मार. पन बंदूक आज भेटाव नही." विलासचा हात वर होता. सुनंदाच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हता तो. आकडी खाली आली ती काउंटरवर. काचेचा चुरा झाला, काचा माझ्या चपलेत आल्या.

"तुमना परवाना ऱ्हावाव नही," विलास म्हणाला. तो धापा टाकत होता. "दखी लेस मी." आणि तो निघून गेला. सुनंदा क्षणभर थांबली. "आबा, आम्हले वाटे तुम्ही आम्हना शेतस," ती म्हणाली आणि नवऱ्यामागे गेली. आबांना आकडीपेक्षा ते लागलं. ते स्टुलावर बसले. मी काचा झाडल्या.

संध्याकाळी त्यांनी कचेरीला द्यायचा अहवाल लिहायला घेतला. मी त्यांना शहाणपणाची गोष्ट सांगितली. "आबा, लिहा की घोड्याची स्प्रिंग तुटली होती, दुरुस्तीला काढली होती. कोण तपासणार आहे?" ते लिहीतच राहिले. म्हणाले, "खोटा नियम सांगा मी इतला वरीस. तितलंच बस व्हयनं." आणि त्यांनी जे घडलं तेच लिहिलं. परवाना वैध होता, अडवायला कोणताही नियम नव्हता, मी माझ्या मनाने दिली नाही. एवढा अभ्यास केलेला माणूस स्वतःच्या हाताने स्वतःच्या विरुद्ध जबानी देत होता, याचा मला इतका संताप आला की मी राम राम न करता घरी गेलो.

विलासची तक्रार त्याच दिवशी दाखल झाली होती. दुसऱ्या दिवशी ठाण्यातले लोक आले आणि बंदूक घेऊन गेले, चौकशी होईपर्यंत म्हणून ती तिथल्या कोठीत पडली. पुढे गावाकडून कानावर आलं की चार जुनी माणसं मध्ये बसली, विहिरीवर दोन दिवस बोलणी झाली. काय ठरलं ते कळलं नाही. आबांच्या चौकशीचा कागद मात्र सरकत राहिला. आबांनी त्या पुढाऱ्याकडे जावं, म्हणून मी दोनदा म्हटलं. ते गेले नाहीत. गेले असते तरी लवंगीची माळ तो विसरला नव्हता.

पावसाळा संपता संपता सुनावणी लागली. आबांना माझ्या स्कूटरवर मीच घेऊन गेलो. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली आम्ही उभे होतो तेव्हा फाटकातून मोटारसायकल आली. चालवत होता एक दाढी वाढलेला, रुंद खांद्यांचा माणूस. मागे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून विलास बसला होता.

मला आधी कळलंच नाही. मग चेहरेपट्टी जुळली. तो गोकुळ होता.

गोकुळने आबांना हात जोडले. "राम राम आबा. धाकला शे, कचेरीना कामले एकलं कसं धाडू? म्हनीसन उनू." ज्याच्यावर झाडायला ती बंदूक मागितली होती, तो माणूस तक्रारदाराला सोबत म्हणून आला होता. आपण काय बोलतोय हे त्याला माहीत होतं की नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. विलास जमिनीकडे बघत होता.

आत फार वेळ लागला नाही. साहेबांनी विचारलं, कोणत्या नियमाने अडवली? आबा उभे राहून म्हणाले, "नियम नव्हता साहेब." विलासला विचारलं, तक्रार कायम आहे का? त्याने गोकुळकडे बघितलं, गोकुळने त्यांच्या वकिलाकडे, आणि विलास म्हणाला, "शे." साहेबांचाही दोष नव्हता, त्यांच्यापुढे आबांचं स्वतःचं लेखी होतं. दुकानाचा परवाना रद्द झाला. साठा दुसऱ्या विक्रेत्याकडे द्यायला मुदत मिळाली. आबांनी ऐकलं, सही केली, पेन उलटं धरून परत दिलं.

बाहेर पायऱ्यांवर विलास आबांजवळ आला. मला वाटलं, माफी मागेल. तो म्हणाला, "तुम्ही बंदूक देवाले पाहिजे व्हती, आबा. मी काय मना भाऊले मारनार व्हतू का?"

मी तोंड उघडलं होतं. त्या दुपारचे त्याचे डोळे, ती आकडी, सगळं मला त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. आबांनी पंजा माझ्यापुढे धरला आणि मला गप्प केलं. त्यांनी विलासला विचारलं, "पानी उनं का?"

"उनं. पाळी बांधी लिन्ही."

"आन केयी?"

"अर्धी गई," विलास म्हणाला. "अर्धी उभी शे."

"सुनंदा?"

"घर शे."

आबांनी मान हलवली. दोघं भाऊ मोटारसायकलीकडे गेले. गोकुळने किक मारली, विलास मागे बसला. आबा दुसऱ्याच आठवड्यात मुलीकडे धुळ्याला राहायला गेले, आणि दुकान रिकामं करण्याच्या गडबडीत आमचं धड बोलणंही झालं नाही. म्हणून मला ते आठवतात ते त्या पायऱ्यांवरचे. ऊन तिरपं होतं, फाटकाशी धूळ उडाली होती. आबा डोळ्यांवर हात आडवा धरून तिकडे बघत होते, पण रिक्षा आडव्या आल्या आणि गाडी दिसेनाशी झाली.

"प्रमोद," ते म्हणाले, "दोन्ही एकच गाडीवर गयात ना रे?"

"हो आबा," मी म्हणालो. "एकाच गाडीवर गेले."